वाकडे अंगण आणि बाणाची जुळवणी



द्रोणाचार्यांनी शिष्यांची परीक्षा घेतल्याची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. झाडावर पक्षी मांडलेला, एकेक शिष्य पुढे येतो आणि झाड दिसते, फांदी दिसते, गुरुजी दिसतात असे सांगून परत जातो. अर्जुनाला मात्र पक्ष्याचा डोळा तेवढा दिसतो. ही कथा एकाग्रतेची आहे आणि ती मोलाची आहे, यात वाद नाही. पण ती इतकी वेळा सांगितली गेली आहे की, नेम म्हणजे डोळा आणि मन यांचाच काय तो खेळ, असा एक समज आपल्या मनात पक्का बसून गेला आहे. अर्जुनाच्या हातातला बाण त्याच्या धनुष्याला जुळणारा होता की नाही, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. आजच्या व्याख्यानात आम्ही तोच प्रश्न विचारणार आहोत.

हा विषय आपल्या कृष्णाकाठच्या दोन जिल्ह्यांत काढण्याचे कारण आहे. फलटण तालुक्यातील सरडे गावचे प्रवीण जाधव २०१९ च्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळविणाऱ्या भारतीय पुरुष संघात होते. २०२१ मध्ये टोकियोला आणि २०२४ मध्ये पॅरिसला, अशा दोन ऑलिंपिक स्पर्धांत ते रिकर्व्ह धनुष्य घेऊन उतरले. ऑगस्ट २०२३ मध्ये साताऱ्याच्या अदिती स्वामी हिने बर्लिन येथे वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड धनुष्यावर जागतिक अजिंक्यपद मिळविले. त्याच दिवशी पुरुषांत अजिंक्य ठरलेला नागपूरचा ओजस देवतळे हाही साताऱ्यातील प्रवीण सावंत यांच्या दृष्टी अकादमीत घडलेला. अशी नावे वर्तमानपत्रांत झळकली की घराघरांतली मुले धनुष्य मागू लागतात. आईबाप पोटाला चिमटा घेऊन ते आणून देतात. यातल्या फार थोड्या मुलांना बर्लिन गाठायचे आहे. बाकीच्यांना निदान हा खेळ आनंदाने खेळता यावा, एवढीच आपली अपेक्षा. आणि नेमके तिथेच पुष्कळदा पाणी मुरते.

एक मुलगी कल्पनेत आणू या. वय चौदा. हातात साधे लाकडी रिकर्व्ह, म्हणजे ज्याची दोन्ही टोके पुढच्या बाजूस वळलेली असतात ते धनुष्य. त्याला दुर्बीण नाही, नेमाची खूण नाही, वजनाच्या दांड्या नाहीत. बाण अॅल्युमिनियमचे, कोणा मोठ्या खेळाडूने वापरून दिलेले. मुलगी उजव्या हाताने दोरी ओढते. तिचे बाण दर वेळी लक्ष्याच्या डावीकडे जातात. तिला सांगितले जाते, ‘हात स्थिर ठेव’, ‘दोरी नीट सोड’, ‘लक्ष कुठे आहे तुझे?’ ती अधिक प्रयत्न करते, बाण डावीकडेच जातात. मग ती डावीकडे जाणारा बाण मध्यावर यावा म्हणून मनगट पिळू लागते आणि खरोखरच चुकीची सवय लावून घेते. सहा महिन्यांनी धनुष्य माळ्यावर जाते आणि घरातले म्हणतात, ‘नाचता येईना, अंगण वाकडे.’

ही म्हण खोटी नाही. आळशी माणूस साधनाला दोष देतो, हे खरेच. पण श्रोतेहो, अंगण कधी कधी खरोखरीच वाकडे असते! आणि ते वाकडे आहे की सरळ, हे पाहण्याची रीत उपलब्ध असताना ती न वापरता नाचणाऱ्याला दोष देणे, हाही आळसच नव्हे काय? आमच्या आजच्या सांगण्याचे सार एवढेच आहे: मुलाच्या हाताला दोष देण्यापूर्वी बाण जुळवून पाहा.

आता बाण जुळवायचा म्हणजे काय, हे समजण्यासाठी बाण सुटताना काय घडते ते पाहिले पाहिजे. आपल्याला वाटते, बाण सरळ काडीसारखा निघतो आणि सरळ जातो. वस्तुतः साध्या धनुष्यावर बाण मुठीच्या एका बाजूस टेकलेला असतो. दोरी मात्र मुठीच्या मध्यरेषेकडे धावते. म्हणजे ओढलेल्या अवस्थेत बाणाचे टोक लक्ष्याकडे असले, तरी दोरी पुढे जाता जाता बाणाचे तोंड बाहेरच्या बाजूस वळायला हवे आणि बाण लक्ष्य सोडून भलतीकडे जायला हवा. तरीही चांगल्या धनुर्धराचा बाण लक्ष्यावर जातो. या कोड्याला ‘धनुर्धराचा विरोधाभास’ असे नाव अमेरिकेतील रॉबर्ट एल्मर या धनुर्विद्येच्या अभ्यासकाने दिले. पुढे १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या शास्त्रज्ञाने अतिवेगवान चलच्चित्रे घेऊन त्याचा उलगडा डोळ्यांना दाखविला. बाण वाकतो! दोरी बोटांवरून सुटताना किंचित बाजूला सरकते आणि मागून जोराचा रेटा देते. टोक आपल्या जडत्वामुळे मागे रेंगाळते. या दोहोंच्या कात्रीत काडी धनुकलीसारखी बाक घेते, मग उलट बाक घेते, आणि या हेलकाव्यांत ती मुठीला वळसा घालून निघून जाते. शेपटाची पिसे मुठीजवळ येतात तेव्हा काडी नेमकी बाहेर झुकलेली असते, म्हणून पिसे मुठीला न घासता जातात. पुढे हवेत हे हेलकावे हळूहळू विरतात.

यावरून एक गोष्ट उघड होते. बाणाने वाकलेच पाहिजे आणि बेताचेच वाकले पाहिजे. फार ताठर बाण मुठीला वळसा घालत नाही. तो बाहेरच्या बाजूस फेकला जातो, म्हणजे उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. फार लवचिक बाण गरजेपेक्षा अधिक वाकतो आणि उजवीकडे जातो. डावऱ्या माणसाच्या बाबतीत हे सारे उलट समजावे.

आपल्या कल्पनेतील मुलीचे कोडे आता सुटू लागते. धनुष्यावर ‘४० पौंड’ असा आकडा असतो. तो बहुधा दोरी २८ इंच ओढली असता भरणारा जोर असतो. मुलीचे हात लहान, ती ओढते २५ इंच. इंचामागे दोनअडीच पौंड कमी धरले, तर तिच्या हाती ते धनुष्य सुमारे ३३ पौंडांचेच उरते. बाण मात्र ४० पौंडांच्या रेट्याने वाकावेत अशा बेताने कोणा थोराने निवडलेले. ३३ पौंडांचा रेटा त्यांना पुरेसा वाकवीत नाही. ते डावीकडे जातात. मुलीचा हात यात कोठे चुकला?

येथे अॅल्युमिनियमच्या बाणाचे एक मोठे सोयीचे लक्षण सांगितले पाहिजे. लाकडाची किंवा बांबूची प्रत्येक काडी निराळी. एकीत गाठ, दुसरीत पीळ. जुने कारागीर शेकडो काड्या हातात वाकवून एकसारख्या डझनभर निवडून काढीत. अमेरिकेतील डग ईस्टन यांनी १९३९ च्या सुमारास अॅल्युमिनियमच्या नळीचे बाण करण्यास आरंभ केला आणि ही निवडानिवड फार सोपी झाली, कारण एका आकाराच्या सगळ्या नळ्या बव्हंशी सारख्याच निघतात. या नळीवर चार आकडे छापलेले असतात. ‘२०१६’ असे लिहिले असेल तर पहिले दोन आकडे जाडी सांगतात, म्हणजे इंचाचे २० चौसष्टांश. पुढचे दोन नळीच्या पत्र्याची जाडी सांगतात, म्हणजे इंचाचे १६ सहस्रांश. बाणावर त्याची कुंडलीच छापलेली म्हणायची!

ताठरपणा मोजण्याची रीतही साधी आहे. २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर काडी आडवी ठेवायची, मध्यभागी ८८० ग्रॅम वजन टांगायचे आणि काडी किती खाली वाकते ते पाहायचे. ‘१८१६’ नळी सुमारे १९ मिलिमीटर वाकते, ‘१९१६’ सुमारे १६, ‘२०१६’ साडेतेरा आणि ‘२११७’ केवळ दहा. अधिक वाकेल ती नरम, कमी वाकेल ती ताठर. यासाठी परदेशी यंत्र हवे असे नाही. एक फळी, दोन खिळे, सोनाराकडून तोलून आणलेले वजन आणि मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी एवढ्यावर हे काम भागते. आणि अधिक बारकाई हवी असेल, तर ज्या सांगली जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेथे सहस्रांश इंच मोजणारा डायल असलेले वर्कशॉप शोधायला फार दूर जावे लागू नये.

पण काडीचा हा ताठरपणा झाला निजलेल्या काडीचा. सुटताना ती किती वाकेल हे आणखी दोन गोष्टींवर ठरते: तिची लांबी आणि टोकाचे वजन. उसाची लांब कांडी उभी धरून बुडाला झटका दिला, तर ती थोडी लवते. तिच्याच शेंड्याला एखादे ओझे बांधून तोच झटका दिला, तर ती कितीतरी अधिक लवते. आणि कांडी कापून आखूड केली, तर मुळीच लवत नाही. बाणाचेही तसेच. टोक जड केले की बाण नरमासारखा वागतो, हलके केले की ताठरासारखा. काडी आखूड केली की ताठर, लांब ठेवली की नरम.

आता अग्रभाराचा, म्हणजे पुढचे टोक जड ठेवण्याचा प्रश्न घेऊ. तो आजचा नव्हे. धनुर्वेदावरील आपल्या संस्कृत ग्रंथांत बाणांचे तीन प्रकार सांगितले आहेत. पुढे स्थूल तो स्त्रीबाण, मागे स्थूल तो पुरुषबाण आणि सर्वत्र सारखा तो नपुंसक. स्त्रीबाण दूर जातो, पुरुषबाण खोल भेदतो आणि लक्ष्यवेधाच्या अभ्यासाला सारखा बाण चांगला, असा त्या ग्रंथकारांचा अभिप्राय. त्यातील प्रत्येक विधान आजच्या मापाने तपासावे लागेल, हे खरे. परंतु बाणाचा भार कोठे आहे यावर त्याचे वागणे ठरते, हे मर्म त्यांनी ओळखले होते.

टोक जड ठेवण्याचा फायदा कोणता? बॅडमिंटनचे फूल कसेही मारले तरी ते बुचाच्या बाजूने पुढे जाते. भार पुढे, पिसे मागे, म्हणून हवा पिसांना मागे लोटते आणि बूच पुढे राहते. बाणाचेही तेच आहे. तोलबिंदू जितका पुढे, तितकी पिसांची तरफ लांब आणि डळमळलेला बाण तितका लवकर सावरतो. यंत्राविना बोटांनी दोरी सोडणाऱ्याच्या हातून प्रत्येक बाण थोडाबहुत डळमळतच निघतो. त्याला हा गुण फार उपयोगी पडतो.

हा अग्रभार मोजता येतो. खाचेच्या तळापासून काडीच्या पुढच्या कडेपर्यंतची लांबी मोजावी. तयार बाण बोटावर किंवा सुरीच्या पाठीवर तोलून त्याचा तोलबिंदू काढावा. तो मध्यापासून जितका पुढे असेल, त्याचे लांबीशी असलेले शेकडा प्रमाण म्हणजे अग्रभार. एक उदाहरण मांडतो. २९ इंच लांबीची ‘२०१६’ काडी घेतली, तर तिचे वजन सुमारे ३०७ ग्रेन भरते. ग्रेन हा शब्द परका वाटेल, पण आपल्या जुन्या तोळ्याचे १८० ग्रेन होतात हे लक्षात ठेवले की हिशेब घरचा होतो. खाच आणि पिसे मिळून वीस ग्रेन धरू आणि १२५ ग्रेनचे टोक लावू. सारा बाण अडीच तोळ्यांचा झाला. तोलबिंदू खाचेपासून सुमारे १७.९ इंचांवर येतो. मध्य आहे साडेचौदावर. फरक ३.४ इंच, म्हणजे अग्रभार सुमारे १२ टक्के. आता तेच टोक काढून २०० ग्रेनचे लावू. बाण जवळजवळ तीन तोळ्यांचा होतो, तोलबिंदू साडेएकोणीस इंचांवर सरकतो आणि अग्रभार १७ टक्के होतो. नेमबाजीच्या रिकर्व्ह बाणाला साधारणतः ११ ते १६ टक्के अग्रभार सुचविला जातो. म्हणजे दुसरा बाण त्या मर्यादेच्याही थोडा पुढे गेला.

पण या जगात फुकट काही मिळत नाही. टोक जड केल्याने तीन गोष्टी एकदम घडतात. बाण लवकर सावरतो, हा लाभ. बाणाचे एकूण वजन वाढून वेग घटतो आणि तो लवकर खाली येतो, ही हानी. आणि बाण नरमासारखा वागू लागतो, हा लाभही ठरेल किंवा हानीही ठरेल. काडी आधीच नरम असेल, तर जड टोकाने ती बिघडते. काडी ताठर असेल, तर त्याच टोकाने ती सुधारते. टोक जड केले आणि बाण उजवीकडे पळू लागले, की पुष्कळ लोक अग्रभारालाच नावे ठेवतात. वास्तविक त्यांनी टोक बदलले आणि काडी तीच ठेवली, हे त्याचे कारण असते. जड टोक हवे असेल तर काडी एक पायरी ताठर घ्यावी, हा व्यवहार आहे.

आमच्या कल्पनेतील मुलीला मात्र हाच व्यवहार उलट दिशेने उपयोगी पडतो. तिच्याजवळच्या काड्या ताठरच आहेत. नवे बाण घ्यायला घरात पैसे नाहीत. या काड्यांच्या तोंडाशी आटे असलेली बैठक असेल, तर १२५ ग्रेनचे टोक फिरवून काढावे आणि त्याहून जड टोक फिरवून बसवावे. काडी तीच, पण ती आता अधिक वाकते आणि वर अग्रभारही वाढतो. दोष फार मोठा नसेल तर एवढ्याने भागते. बाण जड होऊन थोडा खाली येईल. १८ मीटरवर शिकणाऱ्याला ते परवडते, ५० मीटरवर परवडणार नाही. तिथपर्यंत ती मुलगी पोहोचली, तर नव्या काड्यांचा खर्च करण्यासारखी ती नक्कीच झालेली असेल.

तथापि हे सारे अंदाज झाले. बाण खरोखर जुळला की नाही, याचा निवाडा कोण देणार? येथे धनुर्धरांनी एक फार सुंदर युक्ती काढलेली आहे. बिनपिसांचा बाण! एकाच मापाचे सहा बाण घ्यायचे. तिघांना पिसे ठेवायची, तिघांची काढायची. ज्यांची काढली त्यांच्या शेपटाशी पिसांच्या वजनाइतकी चिकटपट्टी गुंडाळायची, म्हणजे तोल बिघडत नाही. मग एकाच हाताने, एकाच धनुष्याने सहाही मारायचे. पिसे हे बाणाचे सांभाळून घेणारे आईबाप आहेत. मूल चुकले तरी ते त्याला ओळीत आणतात, म्हणून त्याची मूळ चूक दिसत नाही. पिसे काढली की बाणाची प्रकृती उघडी पडते.

या परीक्षेचे महत्त्व नीट ध्यानात घ्यावे. पिसांचे बाण आणि बिनपिसांचे बाण एकाच माणसाने सोडलेले असतात. त्याच्या नेमाची चूक दोन्हींत सारखीच असणार. म्हणून दोन पुंजक्यांमध्ये सतत एकाच बाजूचा जो फरक राहतो, ती साधनाची साक्ष होय. बाण सगळीकडे विखुरले, आज इकडे उद्या तिकडे गेले, तर तो अभ्यासाचा प्रश्न आहे आणि जुळवणी थांबवून अभ्यासच केला पाहिजे. म्हणजे वाकडे अंगण आणि कच्चा नाच यांची फारकत करून दाखविणारी ही कसोटी आहे. म्हणूनच एका बाणावरून निष्कर्ष काढू नये. तीन तीन बाणांच्या निदान पाच-सहा फेऱ्या माराव्यात.

क्रमही पाळला पाहिजे. प्रथम उंचीचा दोष काढावा. दोरीवर बाण बसविण्याची खूण काटकोनाच्या रेषेच्या सुमारे अर्धा इंच वर ठेवून आरंभ करावा. बिनपिसांचे बाण पिसांच्या बाणांखाली लागत असतील, तर खूण फार वर आहे, ती थोडी खाली घ्यावी. वर लागत असतील तर खूण वर न्यावी. उंची जुळल्यावरच डावे-उजवे पाहावे. आठदहा पावलांवरून आरंभ करून हळूहळू १८ मीटरपर्यंत मागे जावे. बाण गादीत तिरपा शिरला की सरळ, याकडे फारसे लक्ष देऊ नये, कारण गादीचा पेंढाच कधी कधी त्याला वळवितो. बाण कोठे लागला तेवढेच पाहावे.

उजव्या हाताने ओढणाऱ्याचे बिनपिसांचे बाण डावीकडे जात असतील, तर बाण ताठर आहे. टोक जड करावे किंवा धनुष्याच्या मुठीवर बाणाच्या बाजूला लावलेले चामडे पातळ करावे. तेवढ्याने न भागल्यास नरम काडी घ्यावी. उजवीकडे जात असतील, तर बाण नरम आहे. टोक हलके करावे, चामडे थोडे जाड करावे किंवा काडी कापावी. कापताना एका वेळी पाव इंचाहून अधिक कापू नये आणि दर वेळी पुन्हा मारून पाहावे. टोक बदलता येते, चामडे बदलता येते, पण कापलेली काडी पुन्हा लांब होत नाही. म्हणून जे परत फिरविता येते ते आधी आणि जे येत नाही ते सर्वांत शेवटी, हा नियम. पुंजके तळहाताएवढ्या अंतरात जवळ आले की थांबावे. त्यापुढची बारकाई शिकणाऱ्याच्या हाताला अजून पेलणारी नसते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. बिनपिसांचा बाण भलतीकडे जाऊ शकतो. तेव्हा मागे रुंद आडोसा असावा आणि आजूबाजूस कोणी उभे राहू नये. आणि अॅल्युमिनियमचा बाण वाकतो. वाकलेल्या बाणाने परीक्षा घेतली, तर निकाल खोटा लागेल. म्हणून प्रत्येक काडी सपाट काचेवर गडगडवून सरळ आहे ना, हे आधी पाहून घ्यावे.

हे सारे ऐकून कोणाला वाटेल, ही कटकट कशाला? आपल्या परिसरात याचे उत्तर देणारी एक जागा आहे. सांगलीपासून हाकेच्या अंतरावर मिरज. तेथल्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही वार्ता आपण अभिमानाने वाचली. अब्दुल करीम खाँसाहेब ज्या गावात राहिले, त्या गावच्या कारागिरांना विचारा. उत्तम भोपळा, उत्तम लाकूड, उत्तम तारा लावल्या म्हणजे तंबोरा बोलू लागतो काय? घोडीवर जवारी काढावी लागते, तारेखाली दोरा सरकवून तिचा झणकार उघडावा लागतो, खुंटी पिळावी लागते, मणी केसभर मागेपुढे करावा लागतो. त्यातही क्रम असतो. आधी ढोबळ, मग बारीक. आणि शेवटी निवाडा कान देतो. न जुळलेला तंबोरा देऊन आपण गाणाऱ्या मुलीला ‘बेसूर गातेस’ असे म्हणत नाही. आधी तंबोरा लावून घेतो. मग न जुळलेला बाण देऊन धनुष्य धरणाऱ्या मुलीला मात्र आपण दोष का द्यावा? बिनपिसांचा बाण हा धनुर्धराचा कान आहे.

दुसरा आक्षेप असा येईल की, अजिंक्यवीर आता कार्बनचे बाण आणि कप्प्या लावलेली कंपाउंड धनुष्ये वापरतात, तेव्हा साध्या धनुष्याची आणि अॅल्युमिनियमची ही विद्या कोणाच्या कामाची? याचे उत्तर असे की, शिकणारे मूल शिखरावरून आरंभ करीत नाही. आपल्या देशात बांबूच्या धनुष्यावर खेळली जाणारी ‘इंडियन राउंड’ ही स्वतंत्र स्पर्धाच आहे आणि अनेक खेळाडूंची पहिली ओळख तिथेच होते. साध्या धनुष्यावर दोष लपविणारी यंत्रे नसतात, म्हणून तेथे बाणाचे वागणे स्वच्छ दिसते. अॅल्युमिनियम कापता येते, तपासता येते आणि थोडे वाकले तर सरळही करता येते. बाण का वाकतो आणि कसा सावरतो, हे ज्याने या साधनावर एकदा डोळ्यांनी पाहिले, त्याला पुढचे महागडे साधन आंधळेपणाने विकत घ्यावे लागत नाही. दुकानदाराने सांगितले म्हणून घेतले आणि जुळले म्हणून घेतले, यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर बहुधा बापाच्या खिशातून मोजले जाते.

म्हणून शेवटी एक व्यवहाराची सूचना करतो. ज्या शाळेत, ज्या तालमीत, ज्या मंडळात धनुष्य आहे, तेथे आणखी पाच वस्तू ठेवाव्यात: दोन खिळ्यांची ती फळी आणि ८८० ग्रॅमचे वजन, सोनाराचा छोटा काटा, वेगवेगळ्या वजनांच्या टोकांची एक डबी, तीन बिनपिसांचे बाण आणि एक वही. वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याची ओढ किती इंच, त्या ओढीला धनुष्याचा जोर किती पौंड, काडीचा आकडा, लांबी, टोकाचे वजन आणि परीक्षेचा निकाल लिहावा. मूल वाढते, हात लांबतो, ओढ वाढते आणि कालचा ताठर बाण आज बरोबर ठरतो, उद्या नरम ठरेल. म्हणून दर सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. या पाच वस्तूंना एका नव्या धनुष्याच्या मानाने खर्च फार थोडा आहे. खरे भांडवल आहे ते मोजण्याच्या सवयीचे.

परिश्रमाला पर्याय आहे, असे आम्ही चुकूनही सुचवीत नाही. जुळलेला बाण आपोआप मध्यावर जाऊन बसत नाही. पण तो सोडणाऱ्याशी खरे बोलतो. हात चुकला तर चुकला असे सांगतो, बरोबर आला तर बरोबर आला असे सांगतो. शिकणाऱ्याला याहून मोठा गुरू कोणता? न जुळलेला बाण मात्र खोटी साक्ष देत राहतो आणि त्या साक्षीवर आपण एखाद्या निरपराध मुलीला शिक्षा ठोठावतो. ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपण जरूर जपावी. मात्र ती उच्चारण्यापूर्वी अंगणाला एकदा ओळंबा लावून पाहावा, एवढीच विनंती.